कोकोसला डॉक्टर पाहिजे

फोडणीत कढीपत्ता टाकता टाकता बायको म्हणाली, "कोकोसला डॉक्टर पाहिजे आहे." महत्त्वाचं काही सांगायचं असलं की ती असंच स्वयंपाक करता करता सांगते. लेटरकेनीची बदली अशीच आली होती, ट्रलीचीही अशीच, नावनचीसुद्धा. ती डॉक्टर, आणि आयर्लंडात ज्युनियर डॉक्टरांची बदली जानेवारीत नाहीतर जुलैत ठरलेली. दर खेपेला मी खोकी बांधायची, लेकीसाठी शाळा शोधायची आणि नव्या गावात कोथिंबीर कुठे मिळते याचा तपास लावायचा. आता कुठे तिला नावनला लांब मुदतीचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं होतं. लेक कॅमोगीच्या, म्हणजे हॉकीसारख्या इथल्या मुलींच्या खेळाच्या, टीममध्ये गेली होती. प्रेसमधल्या, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातल्या, डब्यांना चिठ्ठ्या चिकटवून झाल्या होत्या. मी विचारलं, "कोकोस कोणत्या काउंटीत येतं?"

"काउंटी नाही रे. हिंदी महासागर. ऑस्ट्रेलियाची बेटं आहेत. दोन वर्षांचं काम."

पुण्याला आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या बायकोच्या पायाला भिंगरी आहे. आणि बाळा, दुरून डोंगर साजरे." मी म्हणालो, "आई, तिथे डोंगरच नाहीत. आपल्या बिल्डिंगची गच्ची तिथल्या सगळ्यात उंच जागेपेक्षा उंच असेल." आईनं क्षणभर विचार केला आणि विचारलं, "मग पाणी चढलं की माणसं जातात कुठे?"

मी विरोध करायचं ठरवलं. आयटीतला माणूस विरोध करतो म्हणजे माहिती गोळा करतो. नावनहून बॉल्सब्रिजच्या ऑफिसला पोचेपर्यंत बसमध्ये भरपूर वेळ जातो. तेवढा वेळ मी मोबाइलवर उपग्रहाचे फोटो बघत बसू लागलो.

शाळेत भूगोलाला 'कंकणद्वीप' असायचं, टिपा लिहामध्ये हमखास. ज्वालामुखी हळूहळू खचत जातो, त्याच्या कडेनं वाढलेलं प्रवाळ मात्र वर येत राहतं, आणि डोंगर बुडाला की नुसतं कडं उरतं, मधे उथळ खाजण. कोकोसचं कडं पुरतं मिटलेलं नाही. उत्तरेला ते उघडं आहे, कासाराच्या हातात पिचलेल्या बांगडीसारखं. त्यावर आणि त्याच्या आसपास मिळून सत्तावीस बेटं, आणि माणसं राहतात फक्त दोनांवर. वेस्ट आयलंड लांबट आणि अरुंद. तिथे विमानतळ आणि सरकारी कचेऱ्या. गोल्फचं मैदान धावपट्टीच्या आडवं जातं, हे वाचून मी बसमध्ये एकटाच हसलो. खाजणापलीकडे होम आयलंड, तिथे मलाय वंशाची कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात. मधे फेरीबोट. बाकीच्या बेटांवर नारळ आणि खेकडे. आणि पार उत्तरेला, सगळ्यांपासून फटकून, एक बेट एकटंच आहे. तिथे माणसांची वस्ती नाही, समुद्रपक्ष्यांचंच राज्य.

गोड्या पाण्याचं प्रकरण तर मी आयताच हाती लागलेला मुद्दा म्हणून घरी नेलं. तिथे नदी नाही, ओढा नाही. पाऊस पडतो तो वाळूत मुरतो आणि खाली खाऱ्या पाण्यावर सायीसारखा धरतो. जास्त उपसलं की खालचं खारं पाणी वर येतं. हे सगळं मी जेवताना ऐकवलं.

"हं," बायको म्हणाली.

"भाजी विमानानं येते. कोथिंबीर विसर."

"हं."

लेकीनं विचारलं, "इज देअर कॅमोगी?" मी नाही म्हणालो. "दॅट्स ग्रँड सो. आय'म नॉट गोइंग." इथल्या बोलीत 'ग्रँड सो' म्हणजे नुसतं 'बरं मग'. तिला मराठी सगळं समजतं, फक्त उत्तर कधी मराठीत येत नाही. मला वाटलं, चला, आपल्या बाजूला एक मत पडलं.

पण पुढे गडबड झाली. विरोधासाठी वाचता वाचता मला त्या बेटांचं वेडच लागलं. ऑफिसात मीटिंग चाललेली असायची आणि मी कुठल्या दोन बेटांमधून ओहोटीला पाण्यातून चालत जाता येतं ते शोधत असायचो. घरी बसवेना म्हणून आमच्या इस्टेटला, म्हणजे कॉलनीला, फेऱ्या मारायला लागलो. एकसारखी घरं, एकसारखे दरवाजे, कोपऱ्यावर पुन्हा तेच घर. शेजारच्या म्हाताऱ्यानं एकदा विचारलं, काही हरवलंय का? नाही म्हणालो. जावंसं वाटत होतं आणि धीर होत नव्हता, आणि या दोन्हींचा राग मी बायकोवर काढत होतो. बादली हवी तिथे नाही यावरूनसुद्धा.

शेवटी एका रविवारी दुपारी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि तिला सोफ्यावर बसवलं. सगळी बेटं एकेक करून दाखवली. वारा कुठल्या बाजूनं येतो, खाजण कुठे उथळ, कुठे खोल, दवाखाने कुठे. रंगात येऊन बोललो. शेवटी म्हणालो, "आता तूच सांग, जायचं का?"

रागावली की तिची नागपुरी बाहेर येते. "मला तिकडं काहून जायचं आहे, हे तू एकदा तरी विचारलं का?"

"त्यात विचारायचं काय? तुला एका जागी बसवत नाही."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. आईसुद्धा."

टीव्हीकडे बघतच ती म्हणाली, "इतकी वर्षं मी इमर्जन्सीत काम करते आहे. माणूस येतो, मी त्याला धरून ठेवते आणि वर वॉर्डात पाठवते. पुढे तो घरी गेला की गेलाच, मला कळत नाही. तोवर दुसरा आलेला असतो. आणि जरा तोंडओळख व्हायला लागली की आपली बदली. मी एकही पेशंट पुन्हा पाहिला नाही रे. तिथं सहाशेच्या आसपास माणसं आहेत. ज्या बाळाला मी लस देईन, तेच बाळ मला चालताना दिसेल, शाळेत जाताना दिसेल. मला कुठं जायचं नाही. मला एका ठिकाणी राहायचं आहे."

मला राग आला. आधी तिचा, मग आईचा, मग नीट माझाच. एवढी वर्षं मी लोकांना सांगत आलो की बायकोच्या नोकरीपायी मला गावोगाव हिंडावं लागतं, आणि लोक माझी कीव करत आले. पण सामान भरायला घेतलं की मला किती बरं वाटायचं, नव्या गावच्या पहिल्या आठवड्यात मी किती खूष असायचो, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सहाव्या महिन्याला मला ते गाव नकोसं व्हायचं. बदली यायची ती तिच्या नावानं, आणि माझं आयतंच फावायचं. बेटं मला आवडली होती ती लांब होती म्हणून. पोचल्यावर तिथलं तेच खाजण रोज बघायचं आहे, हा विचार माझ्या डोक्यात शिरलाच नव्हता.

"मुलाखत गुरुवारी आहे," ती म्हणाली. "जमलं तर मी दोन वर्षांनी परत निघणार नाही. ते ठेवतील तितकी राहीन. लेकीला मी समजावेन, वेळ लागेल, पण ती समजेल." मग पहिल्यांदाच माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "तुला राहवेल?"

"राहवेल," मी म्हणालो.

फार पटकन म्हणालो. तिनं मान डोलावली, हात लांब करून टीव्ही बंद केला, आणि ती एकटीही जाऊ शकते हे आम्हा दोघांना एकदमच कळलं.