गल्लीला ठाऊक असलेली सर्दी

परवा औषधांच्या दुकानात दम्याचा निळा पंप दिसला आणि भंडाऱ्यातली आमची जुनी गल्ली आठवली. बाबांनी मला वाचवलं, असं माझी मुलगी मीना आजही सगळ्यांना सांगते. ते खरं नाही.

मीनाला लहानपणी दमा होता. पुढे पोरीचं लग्न जमायचं नाही, या धास्तीने मी तिचा पंप तांदळाच्या डब्यात लपवायचो आणि शेजाऱ्यांना सर्दी सांगायचो. थंडीतल्या एका सकाळी शाळेची तयारी करताना ती धापा टाकू लागली. बायको माहेरी गेली होती. शेजारच्या शांतावहिनी धावत आल्या, तर मी दारातच आडवा उभा राहिलो.

"काही नाही वहिनी, सर्दी आहे."

"सरका भाऊजी! तांदळाच्या डब्यातला पंप काढा पयले!"

त्यांनी मीनाला ताठ बसवून पंप तोंडाशी धरला. "हळू ओढ, माय." हळूहळू तिच्या छातीतली शिट्टी थांबली.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"तिच्या मायनंच सांगतलं. अख्ख्या गल्लीले माहीत आहे. पोरगी शाळेत गेल्याबिगर आमी कोणी शेगडी पेटवत नाही. तुमचीच तेवढी धुरावून राहिली!"

मी बाहेर पाहिलं. साऱ्या गल्लीत कुठेच धूर नव्हता. फक्त माझ्या आंघोळीचं पाणी तापवणारी भुशाची शेगडी भकाभका धूर सोडत होती. मी तेच पाणी शेगडीवर ओतलं; मीनाला आज तेवढंच आठवतं.

"बाबा, आता आंघोळ?" मीनाला हसू फुटलं.

"आज तुये बाबा असेच ऑफिसले जातीन," शांतावहिनी म्हणाल्या. आणि मी खरंच तसाच गेलो.