इंजनाची बैठक

मला निजामाच्या राज्यातल्या लोहारा गावात दिलं तेव्हा आमच्या सोलापूरच्या घरी विजेचा दिवा होता. एकच होता, तोही माजघरात, पण होता. म्हणून लग्नाची बोलणी चालली असताना अप्पा, म्हणजे माझे वडील, सहज बोलून गेले, "मोगलाईत लेक द्यायची म्हंजे अंधारात द्यायची की वो!" निजामाच्या मुलखाला आमच्याकडे सगळे मोगलाईच म्हणत. पण मामंजींच्या, माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या, नाकाला मिरच्या झोंबल्या. मिशीवर हात ठेवून ते चारचौघांत म्हणाले, "दिवाळीला लेकीला न्यायला या. विजेच्या उजेडात नांदताना दिसंल. न्हाय दिसली तर ही मिशी उतरवून देतो."

मिशी चांगली कानापर्यंत होती. म्हणजे मामला साधा नव्हता.

लग्न होऊन मी घरात आले आणि माझ्यामागोमाग इंजन आलं. लढाई नुकतीच संपलेली, नवं इंजन मिळायची मारामार. मामंजींनी सोलापुरातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातलं जुनं डिझेल इंजन ठरवलं, सोबत डायनामो घेतला आणि बसवून द्यायला तिथलाच एक मिस्त्री बोलावला. मिस्त्रीनं गाडीवानाबरोबर निरोप धाडला, "इंजन निघालंय. बैठक पक्की करून ठेवा."

मामंजींचा सारा जन्म भुईमूग आणि तुरीच्या व्यापारात गेलेला. बैठक म्हटल्यावर त्यांना एकच बैठक ठाऊक. एवढं मोठं यंत्र येतंय म्हणजे सोबत कुणी साहेब असणार, असा त्यांनी हिशेब लावला. ओसरी सारवली. गादी घातली, तिच्यावर पांढरी चादर, मागं लोड, बाजूला तक्के, पुढं पानाचं तबक. अत्तरदाणीसुद्धा मी घासून ठेवली. दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून इंजन उतरलं आणि तेलानं माखलेला मिस्त्री विचारू लागला, "बैठक कुठाय मालक?" मामंजींनी अदबीनं गादीकडं हात केला.

मिस्त्रीनं गादी बघितली, मग इंजन बघितलं. "हे... ह्याच्यावर बसवायचं?"

आत्याबाई, माझ्या सासूबाई, दाराआडून म्हणाल्या, "बसवा की. दमून आलंय, जरा लोडाला टेकू द्या."

पदर तोंडात कोंबून मी मागच्या अंगणात पळाले. सासरी आल्यापासून पहिल्यांदा इतकी हसले असेन.

इंजनाची बैठक म्हणजे जमिनीत खोल घेतलेला दगडी ओटा, त्यात उभे पुरलेले बोल्ट, आणि बोल्टांवर आवळलेलं इंजन. मिस्त्रीचं म्हणणं, ओटा परसात घ्यावा, घरापासून लांब. पण परसातलं इंजन येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार कसं? मामंजींनी ओसरीशेजारची खोली दिली आणि वर गवंड्याला सांगितलं, ओटा भिंतीला सांधून घे, मजबूत होईल. मिस्त्री नको नको म्हणत राहिला, पण घरच्या मालकापुढं कोण बोलणार?

इंजन सुरू केलं आणि घर नाचू लागलं. कौलं वाजू लागली. फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या एकामागून एक कडेला चालत आल्या. मी दोन धरल्या, तिसरी गेली. स्वयंपाकघरातली उतरंड ढासळली. विजेचा दिवा लागला होता म्हणतात, पण तो बघायला घरात कुणी उभं नव्हतं, सगळे रस्त्यावर.

आत्याबाईंनी बाहेरूनच निकाल दिला, "मिशी गेली तरी चालंल, परत येती. घर जाता कामा न्हाय. दिवाळीपतुर नीट बसलं तर बसलं, न्हाय तर भंगारात!"

मिशी मामंजींची पणाला लागली होती, पण झोप उडाली होती माझी. व्याह्याव्याह्यांची जुंपली की मध्ये चेपली जाते ती पोर. दिवा लागला नाही तर अप्पा जिंकणार, आणि मला मात्र जन्मभर हरलेल्या मिशीसमोर भाकरी थापायची! मला दोघांचाही राग आला होता.

मिस्त्रीनं आधी ओटा भिंतीपासून फोडून वेगळा केला आणि मधल्या फटीत वाळू भरली. घर थांबलं, पण इंजन जागच्या जागी उड्या मारतच राहिलं. मग दोन्ही बाजूंची जड चाकं उतरवून त्यानं एकेक आडव्या गजावर फिरवलं, तेव्हा कळलं घोडं कुठं पेंड खातंय ते. एक चाक दर वेळी ठरलेली बाजू खाली घेऊन थांबे. दुसरं मनाला येईल तिथं थांबे. "हे ह्या इंजनाचं न्हाय," मिस्त्री म्हणाला. "दट्ट्याचा हिसका तोलायला चाक एका अंगाला जड लागतं, हे सगळीकडं सारखंच; दुसऱ्या कुठल्यातरी इंजनाचं काढून हितं लावलंय."

"दुसऱ्या घरातनं आलंय व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "मग रुळायला येळ लागणारच." आणि माझ्याकडं बघून मिश्कील हसल्या. त्यांचं हसू मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघितलं.

त्या दुसऱ्या चाकाला किती वजन लावायचं हे काढायला मिस्त्री चिखल थापत होता, तो सुकून गळे. मी भीत भीत म्हटलं, कणीक चिकटेल. ज्वारीच्या मुलखात गहू सणालाच निघायचा. मला वाटलं, आता आत्याबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटणार. त्यांनी मुकाट्यानं डबा पुढं केला. मी घट्ट मळून दिली. मिस्त्री चिमूट चिमूट लावत गेला, आणि दुसरं चाक पहिल्यासारखं थांबू लागल्यावर गोळा काढून मामंजींच्या तराजूत घातला. तेवढंच शिसं त्या जागी बोल्टानं आवळलं. गोळा गाईनं खाल्ला.

या वेळी इंजन सुरू झालं आणि बरण्या जागच्या हलल्या नाहीत.

दिवाळीला अप्पा आले. तिन्हीसांजेला मामंजींनी इंजन चालू करवलं आणि ओसरीवर भला पिवळा उजेड पडला. अप्पांनी दिवा बघितला, भिंती बघितल्या, इंजनाला वाकून प्रदक्षिणा घातली. शेवटी कमरेचा कलदार रुपाया काढून धावत्या इंजनाच्या टाकीवर उभा ठेवला. उभाच राहिला. मामंजी मिशी पिळत ओरडले, "बघा, इंग्रजाचा रुपाया मोगलाईत उभा ऱ्हायलाय!"

ओरडावंच लागे. चाकं समतोल झाली होती, पण त्या धुराड्याच्या फटफटाटाला कोण समतोल करणार? शेजारच्या माणसाचं ऐकू येत नव्हतं. तोच मोका साधून अप्पा माझ्याजवळ सरकले, तोंड कानाशी आणलं आणि बाप लेकीला हळूच विचारतो ते, नाइलाजानं, सगळा जोर लावून विचारू लागले. नेमकं तेवढ्यात मामंजींनी व्याह्यांचा अभिप्राय ऐकायला मिस्त्रीला इंजन थांबवायची खूण केली.

आवाज खटकन बंद झाला, आणि त्या शांततेत अप्पांचा प्रश्न घरभर दणाणला, "सासू जाच करत न्हाय ना गं?"

चाकं अजून फिरत होती, त्यामुळं दिवा लगेच विझला नाही. हळूहळू लाल होत गेला. त्या उजेडात अप्पांचा उघडा पडलेला चेहरा दिसला, मामंजींचा मिशीवर अडकलेला हात दिसला. मग सगळं अंधारलं.

अंधारातून आत्याबाईंचा आवाज आला, "सांग की बाई. मलाबी कळू दे."

मला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर रडूही. कुणाला दिसत नव्हतं ते बरं. "न्हाय अप्पा," मी म्हटलं, "मी लई सुखात हाय."

मामंजी मिस्त्रीला पुन्हा इंजन चालू करायला सांगू लागले. तोच अप्पा म्हणाले, "मग दिवा ऱ्हाऊ द्या व्याही. मला समदं दिसलं."