मामाच्या चार कॅसेटी

माझा मामा गाणारा होता. नागपूरला जाऊन त्यानं चार कॅसेटी काढल्या आणि चारींमध्ये एकच रडगाणं, बायको बेइमान निघाली म्हणून मी प्यायला लागलो. खरं सांगायचं तर दारू आधीची होती, मामी नंतर आली.

आमच्या वांकिडीकडे त्या कॅसेटींशिवाय लग्नाचा मांडव सुना वाटायचा. वर भोंग्यातून मामा बायकोला बेइमान म्हणायचा आणि खाली तीच बायको पंगतीत भात वाढायची. लोक तिच्याकडे बघून हसायचे. मीही हसलो आहे. माझ्या लग्नात तर ती कॅसेट लावायला मीच सांगितलं होतं.

मामा गेल्यावर आम्ही भाच्यांनी त्याची गाणी मोबाइलवर टाकायचं ठरवलं. तीन कॅसेटी लोकांकडे मिळाल्या, चौथी फक्त मामीकडे होती. तिनं ती आणून दिली.

विकतच्या कॅसेटीवर दुसरं काही भरता येत नाही, पण वरच्या खाचेत कागद कोंबला की येतं. मामीनं कागद कोंबला होता. लावली तर गाणं नव्हतंच. मामाचा घरातला आवाज होता. शिव्या होत्या, ताट भिंतीवर आपटत होतं, आणि ‘मारू नोका, मारू नोका’ म्हणणारी मामी होती. दोन्ही बाजू भरलेल्या.

मी टेप बंद केला.

"टाक ना बाबू मोबाइलवर," मामी मला म्हणाली. "हा बी त्यायचाच आवाज आहे."

आम्ही तीनच टाकल्या.