टोपीआड बसलेले सर

हुडकेश्वरच्या मैदानावर मुलींना धावायला शिकवणारे एक सर आहेत. निवडीच्या दिवशी ते धावपट्टीकडे पाठ करून पालथ्या बादलीवर बसतात, टोपी नाकापर्यंत ओढतात आणि मुलींच्या पावलांचा नुसता आवाज ऐकतात. मला आधी ही सगळी नौटंकी वाटली होती.

यंदा रांगेत एक उंच, देखणी मुलगी होती. तिला पाहताच आम्ही सगळ्या आया म्हणालो, खेळाडू असावी तर अशी! तिच्या शेजारी माझी लेक, दात पुढे आलेत म्हणून ओठ घट्ट मिटून उभी. खरं सांगते, मनातून मीही त्या देखणीलाच निवडून टाकलं होतं.

मुली एकेक करून धावल्या. चौथीच्या वेळी सरांनी बोट वर केलं. "हे पोट्टी घ्या. पाय टेकला का लगेच उचलून राहिली."

ती माझी लेक होती.

मी न राहवून विचारलं, "सर, तुमी पाहत काहून नाही?"

"मी बी फसतो ना, ताई. तोंड चांगलं दिसलं का मले धावणं बी चांगलंच दिसते. म्हणून कानाले विचारतो."

सरावालाही सर तसेच पाठ करून बसतात, त्यामुळे बाजारात लेक समोर उभी राहिली तरी ते तिला अजून ओळखत नाहीत. मैदानावर मात्र ती मागून धावत आली की न वळता तिचं नाव घेतात. तेव्हा ती तोंडभर हसते, दातांची आठवणही न ठेवता.