देऊळ जरा डावीकडे

गेल्या उन्हाळ्यात पंचवटीतले एक तरुण गुरुजी माझ्या इंदिरानगरच्या फ्लॅटवर आले. नदीपात्रातलं काँक्रीट फोडून जुनी कुंडं मोकळी करायची चर्चा तेव्हा चालू होती. ज्या छोट्या दगडी कुंडावर त्यांच्या आजोबांनी जन्मभर विधी केले, ते हे गुरुजी शाळेत असतानाच काँक्रीटखाली गेलं. आता महापालिकेचे साहेब लोक म्हणत होते, एकाच ठिकाणी फोडून बघू, नेमकी जागा दाखवा. घरात जुनं माणूस उरलं नव्हतं, फोटो एकही नव्हता.

"सर, तुम्ही जन्मभर घाट रंगवलात. तुमच्याकडे असणारच," ते म्हणाले.

खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली. एरवी चित्रकाराला कोण विचारतं? चहा टाकला, पलंगाखालच्या फायली ओढून काढल्या.

कुंड होतं. चांगलं अकरा चित्रांत होतं. पण एकात ते पिंपळासमोर होतं, दुसऱ्यात देवळाच्या पायथ्याशी आणि तिसऱ्यात पार पुलाजवळ. गुरुजी एकदा चित्राकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागले.

कारण मला ठाऊक होतं आणि ते सांगताना माझाच मला संताप येत होता. आमच्या चित्रकलेच्या सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं, देऊळ जरा डावीकडे घ्या, कुंड जरा पुढे ओढा, म्हणजे शिखराचं प्रतिबिंब त्यात पडतं. त्यांना त्यांच्या सरांनी तेच शिकवलेलं. मग माझ्याकडचं जुन्या छापील चित्रांचं पुस्तक काढलं. त्यात तर एका गोऱ्या साहेबानं आपल्या घाटावर नारळाची झाडं लावून ठेवलीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

हल्लीची मुलं रविवारी घाटावर बसतात आणि समोर लावलेल्या दुचाकी गाळून चित्र काढतात. त्यांच्यावर मी चिडतो. पण कुठल्या तोंडानं? फायलीतल्या शेवटच्या तीन चित्रांवरच्या तारखा गुरुजींनीच मला दाखवल्या. काँक्रीट पडून वर्षं झाली होती आणि मी तिथं अजून कुंड रंगवत होतो, पाण्यासकट. काँक्रीट माझ्या एकाही कागदावर नाही.

"यातलं कुठलं खरं धरू?" गुरुजींनी विचारलं.

"कुठलंच नको," मी म्हणालो.

त्यांनी चहा संपवला, कप स्वतः आत नेऊन ठेवला. दारात चपला घालताना ते अगदी साधेपणानं बोलले.

"आजोबांची नजर शेवटी पार गेली होती, सर. तरी काठी टेकत बरोबर कुंडावर जायचे. तुम्हाला तर दिसत होतं."