ट्रॉमलर म्हणजे ढोलवाला

व्हर्जिल झास्त्रोने आयुष्यात एक चेंडू झेललेला नाही. शाळेच्या संघात त्याला घेतला होता तो पाण्याची बादली सांभाळायला, आणि ती बादलीही त्याने लाथाडली असं त्याच्या वर्गातले लोक अजून सांगतात. आणि हा मेला आमच्या बारमध्ये बसून ठरवणार, अमक्याला पाचव्या नंबरला पाठवा, तमक्याला घरी बसवा! उंटावरून शेळ्या कशा हाकतात ते बघायचं असेल तर हिवाळ्यातल्या कुठल्याही रविवारी चर्च सुटल्यावर आमच्या गावी, शेबॉयगनला या. खिडकीजवळच्या गोल टेबलावर दिसेल तुम्हाला. एक बिअर, तीही अर्धी, आणि ब्रॅटचा, म्हणजे सॉसेजचा, पाव दोन्हीकडून भाजलाय का ते उलटून पाहणारा माणूस, तोच तो.

मी आर्डिस ट्रॉमलर. बार माझ्या नवऱ्याचा, रूबेनचा. म्हणजे पाटीवर त्याचं नाव आणि तळणाच्या वासात मी.

व्हर्जिलची गोष्ट सांगायची तर सांगण्यासारखं फार काही नाही, हीच त्याची गोष्ट. लग्न केलं नाही. आईच्या घरात राहिला, आई गेल्यावरही आईच्याच घरात राहिला. तीस वर्षं बाथटबच्या कारखान्यात काम केलं. लाकडी हातोडीने टबावर टक्‌ करायचं, आवाज नीट आला तर टब चांगला, बद्द आला तर भेग. झालं काम! पण तेवढ्यावर हा गावभर सांगत फिरायचा की मला सुरांची जाण आहे. चर्चच्या गायकांत उभा राहतो तेव्हा शेजारचे दोघं बोटं कानात घालत नाहीत एवढंच, देवाची भीती म्हणून.

निवृत्त झाल्यावर त्याला वेळच वेळ. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी. याने जुन्या बेसबॉलच्या तुंबड्या लावल्या. टेबलावरचा खेळ असा की प्रत्येक जुन्या खेळाडूचा पुठ्ठ्याचा एक पत्ता. त्याने मैदानावर किती फटके मारले, किती वेळा बाद झाला, त्या हिशेबाने पत्त्यावर आकडे. फासे टाकायचे आणि पत्त्यावर बघायचं, फटका की बाद. मेलेले, म्हातारे झालेले, सगळे पुन्हा मैदानात. टेबलावर सहा बाप्ये, प्रत्येकाचा एक संघ. पिकल्या केसांचे, सुटल्या पोटांचे आणि फासे टाकताना देवाचं नाव घेणारे!

त्यात दर हिवाळ्याला व्हर्जिल एक टूम काढायचा. एका वर्षी फक्त पक्ष्यांची आडनावं असलेले खेळाडू. पुढच्या वर्षी मासे. मग खाण्याचे पदार्थ. ते संपूर्ण वर्ष माझ्या स्वयंपाकघराबाहेर कुणीतरी ओरडत होतं, "राइस बाद! राइस बाद!" आणि नवी गिऱ्हाइकं मला येऊन विचारायची, भात संपला का म्हणून.

आता रूबचं सांगते. माझा नवरा खरा खेळलेला आहे. पन्नासच्या दशकातला एक उन्हाळा, सगळ्यात वरच्या लीगमध्ये. चौदा वेळा बॅट धरली, एक फटका. मग खालच्या लीगला पाठवला, मग गुडघा गेला, मग सासऱ्यांचा हा बार. एक फोटो लावला नाही भिंतीवर. त्या उन्हाळ्याबद्दल एक शब्द नाही, माझ्याजवळसुद्धा. मीही विचारलं नाही. दुखऱ्या जागेवर कशाला बोट ठेवा? चाळिशीच्या आतल्या गिऱ्हाइकांना तर ठाऊकच नाही की बिअर ओतणारा हा मुका माणूस कधी खेळाडू होता.

पण मी बायको आहे. मला दिसायचं. दर थंडीला व्हर्जिल घसा खाकरून नवी टूम जाहीर करायचा, तेव्हा ग्लास पुसणारा रूबचा हात थांबायचा. पक्षी. नाही. हात पुन्हा सुरू. मासे. नाही. पुन्हा सुरू. टेबल त्याच्यापासून चार पावलांवर, आणि त्यातल्या एकालाही कधी वाटलं नाही की याला विचारावं. मला त्या सहाही जणांना उकळत्या तेलात सोडावंसं वाटायचं.

आणि मग त्या वर्षी व्हर्जिल उठून म्हणाला, "यंदा वाजंत्री! नावात वाद्य पाहिजे, नाहीतर गाणं पाहिजे. व्हायोला, सॅक्स, बास, सिंगर, असे."

आमच्या गावात ज्याची त्याची आजी जर्मनमधून शिव्या द्यायची. ट्रॉमलर म्हणजे ढोलवाला हे इथे कुत्र्यालाही कळतं. रूब त्या आठवड्यात न सांगता जाऊन केस कापून आला. बासष्ट वर्षांचा माणूस, उरलेत किती ते केस!

रविवारी खेळाडू वाटून घ्यायचे होते. नाणेफेक जिंकला मिल्टन हिबिंग, आमचा दातांचा डॉक्टर, आणि त्याने पहिल्या झटक्यात व्हायोला उचलला. व्हर्जिलचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. त्याने मग तीन बेल घेतले. बेल म्हणजे घंटा, आणि घंटा हे वाद्य का, यावर अर्धी दुपार गेली. मग मिल्टन म्हणाला, "मी गायगर घेतो."

"नाही चालणार," व्हर्जिल म्हणाला.

"का? गायगर म्हणजे फिडल वाजवणारा."

"जर्मनमध्ये. इंग्रजीत अर्थ निघाला पाहिजे. नियम आहे."

"कुणाचा नियम? अरे, तुझी आजी मरेपर्यंत कुणाला इंग्रजीत गुड मॉर्निंग म्हणाली नाही!"

"आजीला मध्ये आणू नकोस. आज जर्मन घेतलं तर उद्या पोलिश येईल. कुठेतरी थांबायला हवं."

नाकाने कांदे सोलतो नुसता! बाकीच्यांनी माना डोलावल्या. झालं, जर्मन बंद. मी रूबकडे पाहिलं. तो धुतलेले ग्लास पुन्हा धुवत होता.

मंगळवारी व्हर्जिल सूप प्यायला आला तेव्हा मी त्याला स्वयंपाकघरात ओढला आणि दार लावलं.

"रूबला घे."

"आर्डिस, नियम..."

"नियम गेला खड्ड्यात. तो खेळलाय हे तुला माहीत होतं ना?"

तो बुटांकडे बघायला लागला. म्हणजे माहीत होतं! "चौदात एक," तो म्हणाला. "त्याचा पत्ता केला तर तो संघाला ओझं होईल. आणि जर्मन चालू केलं की गायगर मिल्टनकडे जाईल. गायगर जोरात मारतो गं."

"ओझं? तुझ्या संघात सगळ्यात मोठं ओझं तू आहेस. हे बघ व्हर्जिल, टेबल माझं, खुर्ची माझी, ब्रॅट माझे. रूब संघात नसेल तर पुढच्या रविवारपासून तुमची वाजंत्री बर्फात बसवा."

"बटाट्याचं सॅलडपण बंद?"

"गरम, थंड, दोन्ही."

तो बराच वेळ विचार करत होता. तत्त्वाचा माणूस ना! "रूबने सांगितलं का तुला हे?"

"त्याच्या कानावर गेलं तर तुझी जीभ तळून पावात घालीन."

पुढच्या रविवारी व्हर्जिलने जाहीर केलं की सखोल विचारांती जर्मन चालेल. सखोल! बटाट्याच्या सॅलडाइतकं सखोल. मिल्टनने गायगरवर झडप घातली. सगळ्यात शेवटी, सगळे वाटून झाल्यावर, कोट घालता घालता व्हर्जिल म्हणाला, "आणि ट्रॉमलर. उजवं मैदान."

सहा डोकी बारकडे वळली.

"कोण ट्रॉमलर?" रूबने विचारलं.

"तू रे. दुसरा कोण आहे?"

"मला वाटलं जर्मन चालत नाही."

"आता चालतं."

रूब बिअरचं पिंप आणतो म्हणून तळघरात गेला. पिंप नुकतंच लावलं होतं. बऱ्याच वेळाने रिकाम्या हातांनी वर आला आणि मला म्हणाला, "खाली गारठा फार आहे." मी म्हटलं, "हो, असणारच."

मी खूश होते. आता वाटतं, कशाला खूश झाले! रूबचा पत्ता काही छापलेला मिळत नव्हता. एवढ्याशा खेळाडूचा कोण छापणार? व्हर्जिलने सगळ्या खेळाडूंचे आकडे असलेल्या जाड पुस्तकातली रूबची एक ओळ काढून हाताने पत्ता बनवला आणि चौदात एक म्हणजे चौदात एकच ठेवलं. एक आकडा जास्त दिला असता तर याच्या बापाचं काय जात होतं?

पहिला सामना मिल्टनशी. पहिल्या खेपेला फासे पडले, ट्रॉमलर बाद. हशा. दुसऱ्या खेपेला तीन चेंडू हुकवून बाद. मिल्टनने टेबलावर दोन्ही हातांनी ढोल वाजवला, ढम ढम ढमाढम. तिसऱ्या खेपेला पुन्हा बाद, आता सहाही जण वाजवत होते. रूब हसत होता. गिऱ्हाईक उलटी करतं तेव्हा तो जसं हसतो तसं. या माणसाला चार पावलांवरून हे ऐकायला मी बसवलं होतं. हात दाखवून अवलक्षण! त्यात तिकडे गायगरने होमरन मारला, चेंडू थेट मैदानाबाहेर, आणि व्हर्जिलने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मीच तो मारला.

नववी, शेवटची इनिंग. व्हर्जिलचा संघ एका धावेने मागे, दोन बाद, तिसरा गेला की खेळ खलास, आणि तिन्ही बेसवर धावायला टपलेली माणसं. पाळी कुणाची? ट्रॉमलरची.

ढोल थांबले. व्हर्जिलने रूबचा पत्ता उचलला, दोन बोटांत धरून पाहिला आणि बाजूला ठेवला. "ट्रॉमलर बाहेर. त्याच्या जागी तिसरा बेल."

भर बारमध्ये. माणूस समोर उभा असताना! ज्याने बादलीसुद्धा नीट धरली नाही, त्याने खऱ्या खेळाडूला बाहेर काढला, त्याच्याच छताखाली, त्याचीच बिअर पिऊन. मी कालथा घेऊन दारातून निघालेच होते. पण रूब माझ्या आधी तिथे पोचला. फडकं त्याने बारवरच टाकलं होतं.

"मला काढलंस?"

"काढलं."

"का?"

"चौदात एक, रूब. आज तिनात शून्य. तिन्ही बेस भरलेत."

"समोर चेंडू टाकायला कोण आहे?"

"व्हायोला."

"व्हायोला डावखुरा आहे!" रूब टेबलावर वाकला. त्याचा आवाज एवढा मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. "तो माझा एक फटका कुणाला मारलाय माहितीय? डावखुऱ्याला. बाहेर जाणारा, खाली पडणारा चेंडू, मी तो उजवीकडे ढकलला. बाकीचे तेरा? आठवडा आठवडा बाकावर बसवून ठेवायचे, पाय गोठलेले, आणि नवव्या इनिंगला उठवायचे. काळोख पडत आलेला, समोर लीगमधला सगळ्यात जोरात टाकणारा. तूच मार बघू! त्यातले दोन तर सरळ हातात गेले, अगदी कडक मारलेले. कडक! तो क्षेत्ररक्षक दोन पावलं इकडे असता तर..."

"पुस्तकात हे काही नाही," व्हर्जिल म्हणाला.

"पुस्तकात कसं असेल? मला विचार ना!"

"मग बोलायचं होतंस. इतकी वर्षं इथेच तर बसतोय मी."

"तू कधी विचारलंस?"

"बरं, आता विचारतो. तो बाहेर जाणारा चेंडू. तू पाय आधी हलवलास की हात?"

आणि रूबने दाखवलं. कोपऱ्यातला झाडू उचलला, गुडघा वाकवला, तो गेलेला गुडघा, आणि दाखवलं. एकदा, मग हळू, पुन्हा एकदा. मिल्टन खुर्ची मागे सरकवून बघत होता. कुणी हसलं नाही.

"हं," व्हर्जिल म्हणाला. "तरी नाही. चौदात एक. बेल."

"चूक करतोयस."

"करू दे. बस खाली."

"पुढच्या रविवारी?"

"डावखुरा असला तर बघू. बस म्हटलं ना!"

"बरं, कोच," माझा नवरा म्हणाला.

बेल बाद झाला. अर्थात झाला! व्हर्जिल झास्त्रोला कशातलं काही कळत नाही, तेव्हाही नव्हतं, आजही नाही. पण मला राग आला तो त्याचा नाही. मी या माणसाबरोबर छत्तीस वर्षं झोपले, त्याला लागू नये म्हणून त्या उन्हाळ्याचं नाव घरात निघू दिलं नाही. सगळ्यांनीच त्याला फुलासारखं जपलं. आणि या टब ठोकणाऱ्याने तोंडावर सांगितलं, तू बाहेर, आणि त्याला वाचा फुटली. माझ्यासमोर नाही. त्याच्यासमोर!

रूब त्यांच्यात खुर्ची ओढून बसला होता, झाडू मांडीवर आडवा, आणि आणखी एका चेंडूचं सांगत होता. गिऱ्हाइकं बारवर ग्लास आपटत होती. मी कालथा ठेवला, हात पुसले आणि बिअर ओतायला लागले.