पिठ्या ढेकूण आणि शेजारच्या काकू

कळंब्यातल्या आमच्या गल्लीतल्या बायांनो, हे तुमच्यासाठीच लिहितेय.

सकाळी माझ्या जास्वंदीवर कापसासारखी पांढरी कीड दिसली. शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावल्या, म्हणून सांगितलं, "पिठ्या ढेकूण हाय."

काकूंनी त्यातला 'पिठ्या' गाळला आणि 'ढेकूण' तेवढा गल्लीभर वाटला. दुपारी माझ्याकडं हळदीकुंकवाला आलेली एकही बाई सोफ्यावर टेकली न्हाय. एकीनं तर साडी वर धरून उभ्यानंच चहा घेतला!

अहो, गादीतला ढेकूण माणसाचं रक्त पितो, हा झाडाचा रस पितो. नुसतं नाव सारखं हाय.

आणि काकू, माझी जास्वंद तुम्हीच दिलेल्या फांदीची. आत्ताच बघून आले, तुमचं अख्खं झाड पांढरं पडलंय.

आता सांगा की, ढेकणं कुणाकडं झाल्यात?